पाटीवरच्या आकड्याला नावं लावताना: गावातल्या सैनिकांचं स्मारक कसं करावं

आमच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. वर इंग्रजी, खाली मराठी. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ४१ माणसे गेली, त्यांपैकी ७ जणांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. त्या लढाईनंतर सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक गावांत अशा पाट्या लावल्या, आमच्या सातारा जिल्ह्यातही लावल्या. शाळेत जाता-येता मी ती शंभर वेळा वाचली असेल. पुढे चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी क्लार्क म्हणून, लोकांच्या नोंदी सांभाळण्यात. हवालदार होऊन घरी आलो, चावडीपुढे उभा राहिलो, आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं की या पाटीवर एकही नाव नाही.

भैरोबाच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, आमच्यावरही नाही. म्हणजे लढून मेलेल्या माणसांसाठी या गावाने दोनदा दगड उभा केला, आणि दोन्ही वेळा नाव राहून गेलं.

तिसऱ्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढ्याच हट्टाने आम्ही कामाला लागलो. सव्वातीन वर्षं लागली. तुमच्या गावात कुणी असं काम हाती घेणार असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहितोय.

आधी माणसं, मग दगड

बहुतेक गावांत काम उलटं सुरू होतं. आधी वर्गणी, मग पाथरवट, मग उद्घाटनाची तारीख, आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "नावं द्या रे." घाईत गोळा केलेल्या यादीत सरपंचांची भावकी पूर्ण असते आणि गावाबाहेरची वस्ती अर्धी. दगडावर चुकलेलं नाव खोडता येत नाही, आणि सुटलेल्या नावाच्या घरातलं माणूस त्या दगडासमोरून रोज जातं. म्हणून नावांची यादी पक्की होईपर्यंत दगडाची गोष्टच काढू नका. आम्ही ग्रामसभेत पहिला ठराव केला तो स्मारकाचा नव्हता, यादीचा होता.

यादीत कोण, हेही आधीच ठरवा. यावर आमच्याकडे दोन बैठका भांडणात गेल्या. काहींचं म्हणणं, फक्त गोळी लागून मेलेले घ्या. मी विरोधात उभा राहिलो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींची बरीच माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. तिथं माणसं गोळीने मेली, उपासाने मेली, रोगाने मेली, आणि नंतर तुर्कांच्या कैदेत चालता चालता मेली. यातला कोण खरा लढला आणि कोण नाही, हे आपण इथं पारावर बसून ठरवायचं का? नोकरीत असताना जो गेला तो यादीत, असा नियम आम्ही केला. ड्यूटीवर गाडी उलटून गेलेला आहे, हिमकड्याखाली गेलेला आहे. एकाने नोकरीत असताना स्वतःचा जीव घेतला होता. त्याच्या आईला विचारलं, ती म्हणाली, "तो फौजेतच गेला ना?" नाव घेतलं.

फॉलोअर लोकांना विसरू नका. खेचरं हाकणारे, पाणी भरणारे, लंगरातले, स्ट्रेचर उचलणारे. घरचे लोकसुद्धा त्यांच्याबद्दल "तो काय शिपाई नव्हता" असं दबक्या आवाजात सांगतात. कोकणातल्या गावांनी खलाशीही बघावेत. त्या युद्धात जहाजांवर मेलेल्या आणि समुद्राखेरीज कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत खलाशांच्या सदनात आहे, त्यात किनाऱ्यावरच्या गावांची माणसं असणारच.

आणि परत आले ते? त्यांचीही यादी करा. चावडीवरच्या पाटीने ४१ मोजले होते, त्यातले ३४ परत आले होते. गेलेल्याच्या घरी निदान फोटोला हार असतो. परत येऊन शेती करत म्हातारा झालेल्याचं नाव नातवालाही सांगता येत नाही. आम्ही दोन स्वतंत्र शिळा केल्या.

घरोघर काय विचारायचं

"तुमच्या घरातलं लढाईत कोण मेलं?" असा प्रश्न विचाराल तर "नाही बाबा, कुणी नाही" हेच उत्तर येईल. शंभर वर्षं झाली. पहिल्या महायुद्धाला आमच्याकडची जुनी माणसं "जर्मनची लढाई" म्हणायची, आणि त्यातला माणूस घराच्या आठवणीत शिपाई म्हणून नाही तर "बसऱ्याला गेलेला आजा" म्हणून उरलेला असतो. प्रश्न वाकडे विचारायला लागतात. तुमच्यात पेन्शन कुणाच्या नावाने यायची? मनीऑर्डर कुठल्या म्हातारीला यायची? कुठली विधवा तरुणपणी माहेरी निघून गेली? दत्तक का घ्यावा लागला?

सगळ्यात उपयोगी पडला तो पक्षपंधरवडा. भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध असतं. ज्या घरात त्या दिवशी पान वाढतात त्या घरात जाऊन बसा. आमच्या गावात अशी चार घरं निघाली. दोन घरांना तर कारणही माहीत नव्हतं. "आमच्यात चतुर्दशीलाच असतं," एवढंच. त्यातल्या एका घराचा धागा पुढे कागदावर जुळला.

कुणाकुणाकडे काय निघतं ते बघा. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर, म्हणजे रुपयाच्या काठासारख्या पातळ धारेवर, माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. घरच्यांनी ती कधी वाचलेली नसते, कारण ते राजाचा मुखडा बघतात. भिंग घेऊन जा. पदक घासू नका, पितांबरीने तर अजिबात नको. अक्षरं झिजतात.

मेलेल्यांच्या घरी ब्राँझची एक चकती यायची, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची. त्यावर हातात पुष्पचक्र घेतलेली ब्रिटानिया, पुढे सिंह, आणि एका चौकटीत नाव. फक्त नाव, हुद्दा नाही. सुभेदार असो नाहीतर शिपाई. आमच्याकडे ही चकती मिळाली ती देव्हाऱ्यात. टाकांच्या रांगेत ठेवलेली, वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहून अक्षरं बुजलेली. घरातल्या बाई म्हणाल्या, "आमचा कुणीतरी पूर्वज आहे तो, सासूबाईंनी सांगितलं पुजायचा." त्यांच्या परवानगीने पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. एकेक अक्षर उमटत गेलं, आणि शंभर वर्षांनी त्या घराला आपल्या देवाचं नाव कळलं. त्या बाईंनी ते तीनदा म्हणून बघितलं. हे काम सोडून द्यावं असं पुढे जेव्हा जेव्हा वाटलं तेव्हा मला तो कागद आठवला.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गावाबाहेरच्या वस्त्यांवर स्वतः जा, निरोप धाडून भागत नाही. महार माणसं पिढ्यानपिढ्या फौजेत होती, मग इंग्रजांनीच त्यांची भरती बंद केली, आणि पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा जून १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली. १९२१ मध्ये ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. पलटणच मोडली, घरंही पुढे मुंबईला गेली, त्यामुळे या माणसांची नावं आधी पुसली जातात. आमची परत आलेल्यांची यादी ३४ मधली १९ वर अडली होती. बौद्धवाडीत दोन संध्याकाळ बसलो, आणखी पाच नावं मिळाली. ती आधी का मिळाली नाहीत याचं उत्तर गावाला ठाऊक आहे.

कागद

घरातून नाव मिळालं की कागद शोधायचा, कागदावर मिळालं की घर. एकाच बाजूवर विसंबू नका.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मृतांची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले त्यात आहेत. बऱ्याच जणांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. नाव टाकून शोधू नका, त्याने हाती काही लागत नाही. जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गावाचं नाव टाका, आणि ते आठ-दहा प्रकारे टाका. गोरा साहेब कानाने ऐकून लिहायचा. जाधवचा जाधाव, पवारचा पोवार, शिंदेचा सिंदे होतो, मग गावाचं काय होत असेल ते बघा. आमच्या गावाची पाच वेगवेगळी स्पेलिंगं सापडली. वाडीचं नावही टाकून बघा.

मधल्या काळात, म्हणजे १९२१ ते १९३९ दरम्यान वायव्य सरहद्दीवर गेलेला माणूस या यादीत बसत नाही. त्याच्यासाठी घरच शोधायला लागतं.

पलटणीच्या आकड्यावरून फार घोटाळा होतो, म्हणून नीट सांगतो. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, ११४ ची दहावी, आणि सगळ्या मिळून ५ मराठा रेजिमेंट. त्यामुळे घरचे म्हणतात "आमचा आजा ५ मराठात होता, १९१६ ला गेला," आणि १९१६ च्या कागदात तसली रेजिमेंटच नसते. घरचे चुकीचं सांगत नसतात, पुढच्या पिढीने पुढचं नाव जोडलेलं असतं. शिवाय त्या काळी शिपायाचा नंबर पलटणीपुरता असायचा. एकच नंबर दोन पलटणींत दोन माणसांना असू शकतो. नंबर जुळला म्हणून आनंद करू नका, पलटण, बापाचं नाव आणि गाव यातलं निदान एक तरी जुळायला हवं.

गावातलं दफ्तरही बघा. तलाठ्याकडचे जुने फेरफार फार बोलके असतात. धाकट्या भावाच्या किंवा बायकोच्या नावाने अचानक वारस नोंद १९१७ किंवा १९१८ ला लागली असेल तर तिथं थांबा. मात्र १९१८ ला इन्फ्लुएंझानेही माणसं मेली, तेव्हा प्रत्येक वारस नोंद लढाईची नसते. कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, परदेशात मेलेल्याचा मृत्यू बहुधा मिळणार नाही, पण जन्म मिळतो. शाळेचं जनरल रजिस्टर, सोसायटीची खाती. आणि हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे, येत असतील तर त्यांना बसवून घ्या. आमच्या दोन भावक्यांची वंशावळ हेळव्याच्या पोथीत होती, आणि त्यात एका नावापुढे वंश थांबलेला होता.

दुसऱ्या महायुद्धापासून पुढचं काम तुलनेने सोपं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, घरात लावलेले फोटो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक आणि विधवांची नोंद असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला आहे. पत्र लिहिताना नंबर, पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, भरतीचं अंदाजे वर्ष, सगळं द्या. नंबर नसलेल्या पत्राचं टेबलावर काय होतं ते मी त्याच टेबलावर बसून बघितलंय. जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे उत्तर नकारार्थी आलं तर माणूस नव्हताच असं समजू नका. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत, ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. १९४७-४८ च्या काश्मीरपासूनची नावं तिथं ग्रॅनाइटवर कोरलीत, ताडून बघायला ती यादी उत्तम.

लोक विचारतात, "आमच्या माणसाची कबर कुठं आहे?" बहुतेकांची नसते. हिंदू सैनिकांचं दहन व्हायचं, आणि कित्येकांचा देहच मिळाला नाही. माणगावच्या नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनाही कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट घरच्यांना सांगणं जड जातं. तिथं चाळीस हजारांहून अधिक जणांची आठवण आहे, पण आपल्या पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा नुसता आकडा. नावं कागदावरच्या वहीत राहिली. दर्जा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही हे कमिशनचं पहिल्यापासूनचं तत्त्व, आणि ते आपल्या माणसांच्या बाबतीत पाळलं नाही हे त्यांच्याच समितीने २०२१ मध्ये मान्य केलं. आमच्या चावडीवरची पाटी आणि बसऱ्याची भिंत एकाच हाताने लिहिलेली आहे.

यादी तयार झाली की ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तीन महिने लावा. चौकात वाचून दाखवा. मुंबई मंडळाला पाठवा, कारण निम्मं गाव तिथं आहे. आमच्याकडे या तीन महिन्यांत तीन नावं दुरुस्त झाली, दोन वाढली, आणि एक कमी झालं. ते आमच्याच नावाच्या शेजारच्या तालुक्यातल्या गावाचं होतं.

शिळेवर काय लिहायचं

पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आमच्या यादीत एकाच आडनावाचे दोन रामचंद्र आहेत, सख्खे चुलतभाऊ. बापाच्या नावाशिवाय एकाचा दुसरा होईल. पुढे पलटण आणि वर्ष. क्रम पहिल्या नावाच्या अक्षराने. हुद्द्याने लावलात तर गावात परत पाटील-कुळवाडी सुरू होतं. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर नावं गेल्याच्या तारखेने लावलीत, ती पद्धतही चांगली, पण पहिल्या महायुद्धातल्या आपल्या माणसांच्या तारखा सगळ्या मिळत नाहीत.

"अमर हुतात्मे", "शूरवीर", "शहीद" असे शब्द आम्ही टाळले. फौजेच्या कागदात शहीद हा शब्दच नसतो. एका शिळेवर लिहिलं, "या गावातून लढाईला गेले, परत आले नाहीत". दुसरीवर, "या गावातून लढाईला गेले आणि परत आले". शाळेतलं पोरगंही वाचू शकतं, आणि घरच्यांनाही ते पटलं.

देणगीदार, सरपंच, आमदार, समिती यांची नावं शिळेवर नकोत. यावर मी अडून बसलो आणि एक मोठी देणगी परत गेली. त्याचं वाईट वाटतं, तरी पुन्हा तेच करीन. देणाऱ्यांची वही वेगळी केली, ती ग्रामपंचायतीत आहे. राजमुद्रेचे सिंह शिळेवर कोरू नका, त्याला २००५ च्या कायद्याने बंधन आहे. पलटणीचं चिन्ह हवं असेल तर त्या रेजिमेंटच्या सेंटरला लिहून विचारा.

दगड, पाया, अक्षर

संगमरवर नको. आमचीच जुनी पाटी बघा, पावसाने अक्षरांच्या कडा विरघळल्यात. त्यातून कुणीतरी दर पंधरा ऑगस्टला अक्षरांत ऑइलपेंट भरत आलंय, आता खाली दगड किती उरलाय ते कळत नाही. जुनी पाटी असेल तर ती रंगवू नका, ॲसिडने धुऊ नका, तारेचा ब्रश लावू नका, जागेवरून काढू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

आम्ही गावचाच काळा दगड घेतला. वीरगळही त्याच दगडाचे आहेत. ग्रॅनाइटवर अक्षर बारीक आणि साफ येतं हे खरं, पण चकचकीत केलेल्या ग्रॅनाइटमध्ये वाचणाऱ्याला नावापेक्षा स्वतःचा चेहरा आणि मागचं आभाळ जास्त दिसतं. घ्यायचाच तर पॉलिश न केलेला पृष्ठभाग घ्या. काळ्या दगडात बुडबुड्यांची भोकं असतात, भोक अक्षरात आलं की वेलांटी फुटते. दगड निवडताना पाथरवटाला बरोबर न्या, पाणी मारून बघा, ओल्या दगडावर भोकं आणि चिरा दिसतात.

अक्षरं निदान दोन बोटं उंच आणि कोरून घेतलेली, चिकटवलेली नकोत. धातूची अक्षरं चोरीला जातात, स्टिकरचं तर बोलायलाच नको. शिळा अशी उभी करा की सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन बाजूने घासून जाईल. तिरप्या उन्हात कोरलेलं अक्षर रंगाशिवाय वाचता येतं. झाडाखाली सावली बरी वाटते, पण चार महिन्यांत शेवाळ धरतं.

पाया सोडून चालत नाही. आमच्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं बांधकाम हलवते. मुरूम लागेपर्यंत खणा.

कोरायच्या आधी पूर्ण आकारात कागदावर छापून घ्या आणि तो कागद प्रत्येक घरी नेऊन त्या त्या नावाशेजारी सही घ्या. ऱ्हस्व-दीर्घ शाळेतल्या बाईंनी बघितलं, पण शेवटचा शब्द घरच्यांचा. एका घराने व्याकरणात चुकीचं असलेलं नाव तसंच ठेवायला सांगितलं, कारण आजोबा सही तशीच करायचे. तसंच ठेवलं.

पुतळ्याचा मोह टाळा. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तोंडवळा कुणाचा हा वाद होतो, आणि चाळीस माणसांमधल्या एकालाच चेहरा मिळतो. शिळेसाठीही जागा गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नावाची, ठराव केलेली असावी. रस्त्याच्या हद्दीत नको, रुंदीकरणात पहिली जाते.

बसवायचा दिवस

आम्ही ४ फेब्रुवारी घेतला, मराठा रेजिमेंटचा मराठा दिन, तानाजीने कोंढाणा घेतला तो दिवस. दुसऱ्या गावाने ११ नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस घ्यावा, किंवा ७ डिसेंबर, ध्वजदिन. तीन नियम ठेवले. भाषण एकच. सत्कार नाही. आणि प्रत्येक नाव त्या घरातल्या माणसाने स्वतः वाचायचं. ज्यांचं घर उरलं नाही त्यांची नावं शाळेतल्या मुलांनी वाचली, तीही आधी चार दिवस सराव करून, अडखळता कामा नये म्हणून. देव्हाऱ्यातल्या चकतीच्या त्या बाईंनी आपल्या माणसाचं नाव न बघता म्हटलं.

चावडीवरच्या पाटीने ७ सांगितले होते. आम्हाला सहाच मिळाले. सातवा मिळेपर्यंत थांबू या असं मी म्हणत होतो, पण दोन म्हाताऱ्यांना आपल्या बापाचं नाव डोळ्यांनी बघायचं होतं, त्यांच्यापुढे मी काय बोलणार. त्या लढाईतल्या सहा नावांखाली एका ओळीची जागा सोडली आहे. पाथरवटाने विचारलं, इथं फूल कोरू का, मोकळं बरं दिसत नाही. मी नको म्हटलं.

उद्घाटनानंतर जून महिन्यात एक गृहस्थ फलटणकडून आले. त्यांच्या आजीचं माहेर आमचं, तिचा भाऊ बसऱ्याला गेला होता असं ती सांगायची. नाव त्यांना फक्त घरातलं, हाक मारायचं माहीत आहे. कागदावरचं नाव मिळायचंय. मी ११० आणि ११७ पलटणीच्या याद्या गावाच्या पाचही स्पेलिंगांनी पुन्हा लावून बघितल्या, आता १०५ आणि ११६ राहिल्यात. पितृपक्षात त्यांच्या आजीच्या माहेरच्या भावकीत जाऊन बसणार आहे, चतुर्दशीच्या आदल्या दिवशी.